आत्ताच झालं जेवण

मंगळवारी संध्याकाळी आईनं मला ‘तुम्ही’ म्हटलं. वरणभाताचा घास मी तिच्या तोंडाशी धरला होता, लिंबू पिळलेला, तूप तिला आवडतं तसं सढळ हातानं घातलेला. तिनं मान किंचित मागे घेतली, पदर सारखा केला आणि लोकांकडे गेल्यावर हसायची तसं ओठांतल्या ओठांत हसून म्हणाली, "नको हो, आत्ताच झालं आमचं जेवण. तुम्ही घ्या." सकाळपासून बाईच्या पोटात अर्धा कप चहा होता. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं की एक दिवस ओळखणार नाहीत, मनाची तयारी ठेवा. कसली तयारी ठेवतात याची, कपाळ! आणि खरं सांगते, ओळखलं नाही याचं मला तितकंसं लागलं नाही. लागलं ते हे, की बाबांचं नाव गेलं, माझं गेलं, नागपुरातलं आपलं घर कुठल्या रस्त्यावर आहे तेही गेलं, आणि हा एवढा शिष्टाचार तेवढा शाबूत राहिला. मी पुन्हा म्हटलं, आई, घे. तिनं पुन्हा मान मागे घेतली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझा आवाज चढला होता, आणि ती घाबरून दाराकडे बघायला लागली, या घरातून आता कसं निघावं म्हणून.

शुक्रवारी निकिता नावाच्या मुलीला तीन दिवस आईपाशी ठेवलं आणि मी सायकल घेऊन निघाले. पळाले म्हणा. सेहेचाळीस वर्षांची बाई, विमा कंपनीत दावे तपासते, लोक खरं बोलतात की खोटं हे बघायचा पगार घेते, आणि सुटी टाकून एकटीच सायकलवर हिंडायला निघते, याला दुसरा शब्द नाही. सायकल बसच्या टपावर टाकून यवतमाळला आले, लॉजवर झोपले, आणि शनिवारी उजाडता उजाडता अर्धी प्लेट पोहे खाऊन पुसदच्या रस्त्याला लागले. आर्णी, दिग्रस, पुसद, दिवसभराचं काम. आमच्या सायकल क्लबचा अमर नेहमी सांगतो, मॅडम, भूक लागायच्या आधी खायचं, भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. पाठ आहे मला ते. दोन केळी होती, ती नऊ वाजता खाल्ली. खजुराचं पाकीट नागपूरला ओट्यावर राहिलं होतं. आर्णीत पोटभर खायचं ठरवलं होतं, एका हॉटेलासमोर सायकल टेकवलीसुद्धा, आत आलूबोंड्याचा घाणा चालू होता, आणि तेवढ्यात निकिताचा फोन आला. "मॅडम, आजींनी सकाळपासून काही घेतलं नाही. आत्ताच झालं म्हणतात." मी म्हटलं, पुन्हा विचार, आमच्याकडे तीनदा विचारावं लागतं. ती म्हणाली, "मॅडम, मी नऊदा विचारलंय." फोन ठेवला आणि त्या आलूबोंड्यांकडे मला बघवेना. आई तिकडे उपाशी आणि मी इथे चटणीत बोंडा बुडवून खाऊ? असला कळवळा मला एरवी येत नाही, नेमका तिथेच यायचा होता. तशीच सायकलवर बसले आणि रागारागानं पायडल मारत सुटले. मोठ्या रस्त्यावर ट्रक फार, म्हणून फोनमधल्या नकाशात दिसलेला एक आतला रस्ता धरला. कुणावर राग होता ते विचारू नका.

दहा-बारा किलोमीटर राग पुरला. मग तो संपला, आणि त्याच्यासोबत बाकीचंही. दमणं वेगळं आणि हे वेगळं. दमलं की पाय दुखतात, दम लागतो, माणूस थांबतो, पाणी पितो, पुन्हा निघतो. हे म्हणजे चुलीत लाकूडच नाही, फुंकून फुंकून डोळे तेवढे लाल. आधी जांभया आल्या, एकामागून एक, भर बाराच्या उन्हात. मग मानेवर घाम आला तो गार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी माझ्या खांद्याएवढ्या उभ्या होत्या, मध्ये वेचून संपत आलेला कापूस, आणि त्या सगळ्याचा रंग मला जरा दुरून आल्यासारखा दिसत होता. गिअर कमी करायचा की जास्त, हे आठवेना. डावा हात की उजवा? मी हँडलवरच्या माझ्याच हातांकडे बघत बसले आणि सायकल रस्त्याच्या कडेला जाऊन आपोआप थांबली. बाटलीत पाणी नव्हतं, ते कधी संपलं तेही आठवेना. उतरताना एक पाय दांड्याला अडकला आणि मी मुरमावर बसकण मारली. हसू आलं. मग रडूही आलं, आणि दोन्हींपैकी एकही पुरतं करायला अंगात जोर नव्हता.

पन्नासेक पावलांवर घर होतं. गावाच्या या टोकाचं पहिलं घर, विटांचं, वर टिनाचे पत्रे, पुढे सारवलेलं अंगण. अंगणात बाजेच्या पायाशी एक म्हातारी बाई ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, हिरवे सोले परातीत पडत होते. तिनं मला बघितलं, शेंगा पदरातून झटकल्या आणि उठून थेट रस्त्यावर आली. "काय झालं वं बाई? काहून अशा उन्हात बसल्या?" मी म्हटलं, काही नाही, थोडं बसते. "बसाचंच हाये तं सावलीत बसा नं. राहू द्या ते सायकल तेथीच, कोनी नेत नाई." दंडाला धरून तिनं मला उठवलं, बाजेवर आणून बसवलं. हात खरखरीत, ऊनऊन. कोन्या गावच्या? नागपूरची, म्हटलं. "नागपूरवून सायकलवर? कायले? बस नाई भेटली?" यवतमाळपर्यंत बसनंच आले होते, हे सांगायला मला फार शब्द लागले असते. मी नुसती मान हलवली. "नाव काय तुमचं?" मैत्रेयी, म्हटलं. त्यावर तिचा चेहरा जो खुलला! "मैत्रेयी? आमच्या धम्मरत्नच्या पोरीचं हेच ठेवाचं होतं मले. सूनबाईनं दुसरं ठेवलं. मी तुळसाबाई." आणि मग, तशीच हसत, "आडनाव?" देवपुजारी, म्हटलं. "हं," तुळसाबाई म्हणाली. खाली बसली. दोन शेंगा सोलल्या. घरातून भाजल्या भाकरीचा वास येत होता, असा की माझ्या जबड्याच्या मुळाशी कळ आली. मग तिनं परातीतून नजर न काढता विचारलं, "जेवता का? गरम भाकर हाये. सोल्याची भाजी हाये."

आणि मी म्हटलं, "नाही नाही, आत्ताच झालं जेवण."

देवाशपथ सांगते, हे मी बोलले नाही, हे तोंडातून निघालं. माझी बोटं थरथरत होती, ओठ पांढरे पडले असतील, आंधळ्यालाही कळलं असतं की ही बाई उपाशी आहे. पण त्यात काही बिघडलं असं मला तेव्हा वाटलंच नाही. आमच्या घरची रीतच आहे ती. कुणाकडे गेलं की पहिल्यांदा ‘नको’, दुसऱ्यांदा ‘अहो खरंच नको’, तिसऱ्यांदा ‘बरं, अगदी थोडंसं’. आईनं हे आम्हाला पाढ्यांसारखं शिकवलं होतं. पहिल्याच विचारण्याला हात पुढे केला तर घरी येऊन तिचा चिमटा ठरलेला, आणि चिमटा काढताना म्हणायची, हावरट दिसतं गं ते, लोक म्हणतील यांच्याकडे पोरांना खायला घालत नाहीत. तेव्हा मी निवांत होते. पहिलं ‘नको’ झालं, आता ही म्हणेल, असं कसं, एवढ्या उन्हातान्हात आल्या, मग मी म्हणेन, अहो खरंच, मग ही उठेल. मी वाट बघत होते. तुळसाबाई म्हणाली, "बरं." आणि शेंगा सोलायला लागली.

एक शेंग. दुसरी. मी घसा खाकरला. तिसरी. आता विचारेल, ही शेंग झाली की विचारेल. मनात म्हटलं, अहो बाई, विचारा नं, काय वऱ्हाडातली माणसं तुम्ही, आग्रह करून करून पाहुण्याला आडवं पाडता म्हणतात, आणि माझ्याच वेळी असं? डोळ्यांपुढे बारीक काळे ठिपके यायला लागले होते. मान उचलली तर समोर उघडं दार, दारातून आतली भिंत, निळा रंग दिलेली, आणि त्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन फोटो, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा, दोन्हींना झेंडूचा ताजा हार. तेव्हा माझ्या डोक्यात, त्या साखर नसलेल्या डोक्यात, एवढं एक मात्र लख्ख उजळलं, की ही मला दुसऱ्यांदा विचारणार नाही. कधीच विचारणार नाही. देवपुजारी नावाच्या बाईनं ‘आत्ताच झालं जेवण’ म्हटलं की त्याचा अर्थ काय, हे तिनं उभ्या आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की पुन्हा विचारून स्वतःचा अपमान करून घ्यायचं तिला काही कारण नाही. एकदा विचारायचं, आपलं माणूसपण म्हणून. नाही म्हटलं की ‘बरं’.

आम्ही यवतमाळला होतो तेव्हा बाबांच्या कचेरीत मुनेश्वर काका होते. बाबा आणि ते एकाच डब्यातून जेवायचे म्हणे, कचेरीत. एका बुद्धपौर्णिमेला त्यांनी आम्हाला घरी बोलावलं, मी नऊ वर्षांची असेन. काकूंनी खीर केली होती, वाट्या ट्रेमध्ये मांडून आणल्या, आणि आई पदर सारखा करून हसली, "नको हो वहिनी, आत्ताच झालं आमचं जेवण." मला वाटलं, हे पहिलं. मी दुसऱ्याची वाट बघत त्या खिरीतल्या काजूवर नजर ठेवून बसले. काकू ‘बरं’ म्हणाल्या आणि ट्रे आत घेऊन गेल्या. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, बराच वेळ, जणू त्यांची तारीख हरवली होती. परत येताना बसस्टँडपाशी आईनं थांबून भजी घेतली, कागदातून गरम गरम, आणि चालता चालता दोन घासांत संपवली. मी म्हटलं, आई, आपलं तर आत्ताच झालं नं जेवण? चिमटा बसला. इतकी वर्षं मला तो चिमटा हावरटपणाचा वाटत होता. तुळसाबाईच्या बाजेवर बसून मला पहिल्यांदा कळलं की आईकडे एकाच वाक्याचे दोन अर्थ होते आणि तिनं आम्हाला ते एकत्रच शिकवले, वेगळे करून दिलेच नाहीत. मग आत्ता माझ्या तोंडून निघालं ते कोणतं? चांगलं की दुसरं? मी आडनाव सांगितल्यावर ती ‘हं’ म्हणाली तेव्हा मला भिंत दिसली नव्हती. की दिसली होती? दार तर उघडंच होतं. लोकांचे दावे तपासते मी, समोरच्याची पापणी हलली तरी मला कळतं, आणि स्वतःचं हे एक मला सांगता येत नव्हतं. कुणी शपथेवर विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

"ओठ सुकले तुमचे," तुळसाबाई म्हणाली, आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "धम्मा! गाडी काढ. चौकातून सीलवाली बाटली आन पान्याची. अन् एक बिस्किटाचा पुडा आन." आतून चाळिशीतला, चष्मा लावलेला माणूस आला, मला नमस्कार केला, गाडीची किल्ली घेतली. माझ्या डाव्या हाताला, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, माठ होता. बाहेरून ओला, वर घासलेला तांब्या पालथा. मला म्हणायचं होतं, माठातलं चालेल. तोंड उघडलं आणि ‘चालेल’वर अडकले. चालेल? कुणाचं पाणी कुणाला चालतं, हा शब्द कुठून आला आपल्या तोंडात? मग म्हणावं, मी तसलं काही मानत नाही. छे, हे तर त्याहून भिकार, म्हणजे मानण्याजोगं काहीतरी आहे आणि मी उदार मनानं सोडून दिलंय. मग नुसतं म्हणावं, मावशी, पाणी द्या. तीन शब्द. तेवढ्यात गाडीचा आवाज झाला, लांब गेला, आणि मी ते तीन शब्द तोंडात धरून बसले. जीभ जड झाली होती, तेही खरं. पण सगळा दोष जिभेला देऊ नये.

पंधरा मिनिटं लागली त्याला. पंधरा मिनिटं त्या माठाशेजारी मी तहानलेली बसले आणि ती बाई माझ्यासाठी बाटलीची वाट बघत होती, मध्येच उठून रस्त्याकडे डोकावत होती, "आलाच असन आता, घाबरू नका," असं मला धीर देत होती. तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. शोधला मी, नव्हता. धम्मरत्ननं बाटली आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणला आणि माझ्या हातात नाही दिला, बाजेवर माझ्यापासून वीतभर अंतरावर ठेवला. "ताई, सील तुम्हीच उघडा," म्हणाला, शुद्ध पुस्तकी मराठीत, मान जरा खाली घालून. आता इथे माझ्यात काही असतं तर मी ते बाजूला सारलं असतं. मनात ठरलंही होतं, हात नाही लावायचा. पण हातानं माझं ऐकलं नाही. हातानं झाकण फिरवलं, दातांनी पुडा फाडला, आणि मी एकामागून एक बिस्किटं तोंडात कोंबत सुटले, चावायला वेळ नाही, पाण्यानं लोटायची, हनुवटीवरून लगदा ओघळला तो बोटानं आत. ते दोघं सभ्यपणे दुसरीकडे बघत होते. अख्खा पुडा गेला. आणि दहा मिनिटांत, काय सांगू, तुरीचा हिरवा रंग जागेवर आला. बोटं स्थिर झाली. गिअर डाव्या हाताचा की उजव्या, तेही आठवलं. नालायक शरीर, त्याला कशाचीच लाज नाही.

"आता बरं वाटते?" तुळसाबाईनं विचारलं. "धम्मा तुमाले दिग्रसवरी सोडून देते. सायकल आटोत टाकू." मी म्हटलं, "मावशी, मला भाकरी द्या."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "तुमचं तं जेवन झालतं नं."

"नव्हतं झालं. खोटं बोलले."

"काहून?"

"सवय आहे," मी म्हटलं. तिनं मान डोलावली. "असते सवय," म्हणाली, "लय लोकाईले असते." मी घाईघाईनं सांगायला लागले की तशी नव्हे, आमच्याकडे तीनदा विचारतात, आई शिकवायची, पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा… आणि बोलता बोलता मलाच ऐकू आलं की हे सगळं रचल्यासारखं वाटतंय. खरी गोष्ट सांगणारी माणसं माझ्यासमोर खुर्चीत बसून अशीच घामाघूम होतात, आणि खोटी सांगणारीही. धम्मरत्न चष्मा पुसत होता. म्हातारी उठली, आत गेली. ताट घेऊन आली, ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर सोल्याची भाजी, फोडलेला कांदा. यावेळी तिनं ताट सरळ माझ्या मांडीवर ठेवलं.

भाजी सुरेख होती, म्हणजे असणार. मला चव लागत नव्हती. अख्खा पुडा बिस्किटं आणि लिटरभर पाणी पोटात फुगून बसलं होतं, भूक कुठल्या कुठे गेली होती, आणि आता एकेक घास म्हणजे भरल्या पोत्यात आणखी कोंबणं. तासाभरापूर्वी या भाकरीसाठी मी रस्त्यावर लोटांगण घातलं असतं. तरी खात होते. मोठे घास, आवाज करून, बोटं चाटून. वा मावशी, काय भाजी आहे, म्हटलं. नागपुरात असले सोले मिळत नाहीत, म्हटलं. पहिली भाकरी संपली. माठाकडे हात केला, तांब्या भरून घेतला, घटाघटा प्यायले, तिला दिसेल असा, त्यालाही दिसेल असा. दुसरी संपवली. पोट टच्च झालं होतं, ढेकर वर येत होता तो मी दाबला. "अजून द्या," मी म्हटलं. तुळसाबाईनं तिसरी आणून वाढली आणि माझ्यासमोर खाली बसली, गुडघ्यावर हनुवटी टेकून. मी मोठा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं, तिखटानं म्हणता आलं असतं, पण भाजी तिखट नव्हती. ती बघत होती. रागानं नाही, आजाऱ्याकडे बघतात तशी.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हे भाकर तुमी पोटासाठी खाऊन राह्यल्या का माह्यासाठी?"

तोंडात घास होता. तो खाली उतरेना. थुंकणं तर शक्यच नव्हतं, तिच्या अंगणात, तिच्यासमोर. ती उत्तराची वाट बघत थांबली होती, आणि मी गाल फुगवून, ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून, तिच्याकडे बघत बसले.